आईच्या डाव्या हाताचा धवला

तारापूर
१२ फेब्रुवारी १९९५

प्रिय जमू,

तुझं पत्र येऊन पंधरवडा उलटला. उत्तराला मी मुद्दामच वेळ लावला. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू एकच विचारतेस, आईनं खुणेनं तरी माझं नाव काढलं का? आणि मी हवापाण्याचं, बोटींचं काहीबाही लिहून पान भरतो. या वेळी सगळं लिहिणार आहे, पण जरा मागून यावं लागेल. दमलोय गं. कुंभवलीच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलो की पाय उचलत नाहीत, आणि घरी आईचा उजवा हात चोळायचा असतो. तुझ्या वहिनीच्या हातून ती जेवते, न्हाते, पण हात चोळायला तिला मीच लागतो. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं तरी वाचा काही परतली नाही. पालघरच्या दवाखान्यात तू दारात उभी राहिलीस आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा मीच काहीतरी बोलायला हवं होतं.

तुला हसायला येईल, पण सध्या मी शिकाऊ उमेदवार आहे. आपला हळदीचा ऑर्केस्ट्रा आता पुंडलिक चालवतो. त्यानं दिवाळीनंतर मुंबईच्या कुणा वादकाकडून एक जुना सिक्वेन्सर आणला आणि कीबोर्ड मी वाजवतो म्हणून माझ्याच गळ्यात मारला. जेवणाच्या डब्याएवढी मशीन. वायरीनं कीबोर्डला जोडायची, आपण वाजवलेलं ती लक्षात ठेवते आणि बटण दाबलं की जसंच्या तसं वाजवून दाखवते. म्हणजे ढोलकीवाला पिऊन पडला तरी हळद अडायची नाही. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, तेही अर्धं फाटलेलं. मी टेपरेकॉर्डरसारखंच काहीतरी समजलो. आईबरोबर लग्नांत गाणाऱ्या रखमा मावशीला बोलावलं, मशीनसमोर बसवलं, लाल दिवा लावला, आणि तिनं घसा फोडून चार गाणी म्हटली. पुन्हा लावून बघतो तर चिडीचूप. कोणती पट्टी कधी दाबली एवढंच ती मशीन ठेवते, माणसाचा आवाज तिच्या गावीही नसतो. हे मला नंतर कळलं. मावशी म्हणाली, "तुजी मशीन ठार बहिरी हाय रं देवू," आणि चहा न घेता गेली.

मग पट्ट्यांवर शिकायला बसलो. मशीन आधी टकटक ताल देते आणि त्या तालाला धरून वाजवायचं असतं. पाळी करून आलेल्या माणसाची बोटं कुठली ताल धरतात! मी एक सूर शोधीपर्यंत ती तीन घरं पुढे गेलेली असायची. पुंडलिक म्हणाला, नाय जमत तर सोड, बेटेगावचा एक पोरगा तयार हाय. तेव्हा कुठे मी त्या पुस्तकातली चित्रं नीट बघितली आणि दुसरी रीत सापडली. तिला स्टेप म्हणतात. त्यात टकटक नाही. एक पट्टी दाबायची, मशीन तेवढा सूर घेते आणि गप्प बसते. पुढची पट्टी तुम्ही चहा पिऊन या, झोपून उठा, मग दाबा. ती थांबते. एवढं सोसणारं माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही, तुझी वहिनी धरून.

आई खाटेवरून हे सगळं बघत असायची. एका संध्याकाळी तिनं डावा हात उचलला आणि कीबोर्डकडे दाखवलं. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. बंद केला तर रागावली. शेवटी कीबोर्ड उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं एक बोट ठेवलं, ऐकलं, नाही म्हणून मान हलवली, शेजारची पट्टी दाबली. मी चुकलेला सूर पुसायचा, बरोबरचा ठेवायचा. आठवडाभर रोज दोन-चार सूर. अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहतो आपण, त्यामुळे लाईट जाणं हा आपला हक्कच. ती गेली, आणि मी काही साठवून ठेवायला शिकलोच नव्हतो, त्यामुळे सगळं पुसलं गेलं. मला रडू आलं. आई रडली नाही. लाईट आल्यावर तिनं पुन्हा पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

जमू, खरं सांगतो, मला वाटलं होतं हा म्हातारीचा चाळा आहे. हात हलतोय तर हलू दे. त्यात तिची एक विचित्र खोड होती. एक ओळ झाली की ती माझं मनगट धरायची आणि रिकाम्या जागेचं बटण दाबायला लावायची. दाब, अजून दाब. एवढी लांब पोकळी की ऐकणाऱ्याला वाटावं मशीन बिघडली. प्रत्येक ओळीनंतर तेच. एकदा मी शहाणपणा करून त्या पोकळ्या काढून टाकल्या, चाल घट्ट जुळवली आणि तिला ऐकवली. तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की लहानपण आठवलं. मी सगळ्या जागा पुन्हा घातल्या. ते गाणं कुठलं, मला ओळखू येईना. मशीनच्या पिपाणीसारख्या आवाजात सगळंच परकं वाटतं.

परवा रखमा मावशी सुकट द्यायला आली तेव्हा ते चालू होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. पहिली ओळ संपली, पोकळी आली, आणि मावशी त्या पोकळीत गायला लागली. तिला कळलंही नाही आपण गातोय ते. दुसरी ओळ, पुन्हा मावशी. तिसऱ्या वेळी तिनं हातातली सुकट खाली ठेवली. म्हणाली, "ह्यो तर हळदीचा धवला. आमी बायका मागनं म्हनतो, तवर नवरीला हळद लावत्यात." आईनं जागा कुणासाठी सोडल्या होत्या ते तेव्हा मला कळलं.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. तू झुंबररावांशी पालघरला नोंदणी लग्न केलंस, हळद ना मांडव, आणि त्यानंतर आईनं कुणाच्याच लग्नात हा धवला म्हटला नाही. लग्नातली गाणी म्हणायला धवलारीण म्हणून बोलावणं आलं की जायची, बाकीचे धवले म्हणायची, आणि नवरीला पाटावर बसवलं की रखमा मावशीला पुढे करून मांडवाबाहेर जाऊन उभी राहायची. गाव कुजबुजायचं. परजातीत गेलेल्या लेकीचा राग असं लोक म्हणायचे, मीही तसंच धरून चाललो होतो.

मावशीनं आईला विचारलं, मैना, कोनाची हळद गं ही? आईनं डावा हात उचलला आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. लहानपणी बोंबील सुकवायच्या बांबूंवरून पडून तुला जिथं खोक पडली होती, तिथंच. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत ते बोट तिनं तिथून काढलंच नाही. दवाखान्यात तिनं तोंड का फिरवलं ते मला ठाऊक नाही, आणि आता ठाऊक करून घ्यायचंही नाही.

तू ये. झुंबररावांना काक्रापारच्या अणुवीजकेंद्रातून दोन दिवसांची रजा मिळत असेल तर त्यांनाही आण, नाहीतर एकटी ये. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला हळद लावायची रीत नाही, असं रखमा मावशी सगळ्यांना ऐकवते आहे. आज सकाळपासून तीच आपल्या ओट्यावर बसून हळद कुटते आहे.

वाट बघणारा, तुझाच
देवूदादा