एसी बंद, व्हय म्हाराजा!

२ मे

कॉन्व्हेंटात आमच्या पाचवीच्या वर्गाला एकच पंखा होता. सिस्टर बेनेडिक्टा वर्गाबाहेर जाताना तो बंद करायच्या. "गर्ल्स, गॉड्स एअर इज फ्री!" मग मी आणि रुक्मिणी एकमेकींना भूगोलाच्या वहीने वारा घालायचो. आधी मी रुकूला, मग रुकू मला. माझी पाळी आली की नेमका रुकूचा हात दुखायचा.

आज हे आठवायला कारण आहे. आमच्या पतसंस्थेच्या कणकवलीच्या हेड ऑफिसने 'हरित शाखा' स्पर्धा जाहीर केली आहे. पाच जूनला समिती येणार, उत्तम शाखेला ढाल देणार. मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाखेची मॅनेजर मी. तीस जूनला रिटायर. चेअरमन दाजींना फोनवर विचारलं, ढाल मिळाली तर मला दोन वर्षं 'हरित सल्लागार' म्हणून ठेवाल का? ते म्हणाले, "बघूया." दाजींना नाही म्हणायचं असेल तर ते तोंडावर नाही म्हणतात. म्हणजे हे 'हो'च.

अनिश म्हणतो, आई, आता पुण्याला ये. पुण्यात मी काय करणार? तिथल्या सगळ्या शाखांना मॅनेजर आहेत.

३ मे

शुभारंभ. आमचा शिपाई महादू गावात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो, त्याच्याच हातून नारळ फोडला. डोळे मिटून म्हणाला, "देवा म्हाराजा, आमच्या मॅनेजरबायच्या मनात जा काय इला आसा, ता तुझ्या पायाकडे ठेवलेला आसा. तेच्यात काय वाकडा-नाकडा आसात तर ता सरळ कर, रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" अंगावर काटा आला.

मग पॉलिसी वाचली. आजपासून हॉलचा एसी बंद. मंजूर आहे ना, विचारलं. कर्जविभागातला ओंकार हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

एकमताने मंजूर.

४ मे

केबिनचा एसी चालू ठेवला आहे. सर्व्हरसाठी. ओंकार म्हणतो, मॅडम, सर्व्हर कधीच कणकवलीला गेला. गेला असेल. पण केबिनला थंडाव्याची सवय आहे, ती एकदम मोडू नये.

७ मे

स्टाफला विणलेले विंझणे वाटले. पर्यावरणपूरक, शिवाय हाताला व्यायाम. रुकू कॅशियर आहे. एका हाताने वारा घेत दुसऱ्या हाताने नोटा मोजायला गेली आणि नोटा काउंटरपलीकडे. खातेदारांनी प्रामाणिकपणे परत दिल्या. एकाने जरा उशिरा दिल्या.

रुकू सगळ्यांदेखत म्हणाली, "किशोरी, वारो घालूक दुसरा माणूस होया. ये, आता तुजी पाळी." मी म्हटलं, शाळेत मीच घालायचे, तुझा हात दुखायचा. तर म्हणते, "माजो? तुजोच हात दुखायचो गो!"

रुकूची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

११ मे

पॉलिसीचा अनपेक्षित फायदा. स्टाफ मार्गदर्शन घ्यायला सारखा केबिनमध्ये येतो. ओंकार सकाळी आला, फाइल उघडली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मार्गदर्शन घेत होता. बरेचदा डोळे मिटून. महादू स्टूल घेऊन दारात बसतो आणि दार सताड उघडं ठेवतो. पारदर्शक कारभार.

खातेदारही आत येऊन बसतात. पूर्वी हे लोक मला नमस्कारसुद्धा करत नसत.

१६ मे

मागच्या अंगणात खताचा ड्रम. डब्यातलं उरलंसुरलं त्यात टाकायचं. इथे डब्यात असतो बांगडा. उरतात काटे. अख्ख्या कट्ट्याची मांजरं जमली. मी म्हटलं, ही जैवविविधता.

१९ मे

एक मांजरी स्टेशनरीच्या कपाटात व्यायली. रुकू म्हणाली, "खत होयत तेवा होयत, पिल्लां मात्र झाली." तिला या कामाचं गांभीर्य नाही. मात्र मार्गदर्शनाला रोज येते, चपला काढून पाय खुर्चीवर घेऊन बसते आणि सिस्टरांच्या नकला करते. काल हसून हसून माझा चष्मा पडला.

काम काहीच झालं नाही. तरी दिवस बरा गेला.

२३ मे

कागदबचत! गोडाऊनमध्ये कोऱ्या पाठीचे गठ्ठे सापडले. वार्षिक सभेची निमंत्रणं त्यांवरच छापून घरोघर पाठवली. वेळ, ठिकाण, चहापान, सगळं नीट.

२५ मे

गठ्ठे दाजींच्या गेल्या झेडपी निवडणुकीतल्या पत्रकांचे होते. पुढे सभा, मागे हात जोडलेले दाजी: 'प्रचंड मतांनी विजयी करा'. गावभर चर्चा, दाजी पुन्हा उभे राहतात की काय. दाजींचा फोन आला. गेल्या खेपेला ते ज्या मतांनी पडले तो आकडा लोक आता कुठे विसरत होते, म्हणाले. मी सल्लागारपदाचं विचारून घेतलं. फोन कट झाला. कट्ट्याला रेंज नाही.

२८ मे

संकल्प: मालवणहून ऑफिसला बसनेच यायचं. बस चुकली. रिक्षा केली, पण वळणावर उतरून शेवटचा टप्पा चालत आले. महादू वळणावरच चहा पीत होता. म्हणाला, "बाय, बसीक आता तीन चाकां झाली?"

त्याला संकल्पाचा आत्मा कळत नाही.

४ जून

उद्या समिती. स्टाफला विचारलं, ढाल आपलीच ना? सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" या माणसांनी मला कधी नाही म्हटलेलं नाही.

५ जून

समिती आली. तिघे जण, तीन गाड्यांतून. हॉलमध्ये घामाने भिजले आणि आपोआप केबिनमध्ये येऊन बसले. तिथे ओंकार, महादू, दोन खातेदार आणि मांजरी आधीपासून होती.

समितीच्या बाईंनी मे महिन्याचं लाइटबिल मागितलं. गेल्या मेपेक्षा जास्त. मी म्हटलं, मीटरची चूक असेल. बाईंनी उघड्या दाराकडे पाहिलं, दारातल्या महादूच्या स्टुलाकडे पाहिलं, वर एसीकडे पाहिलं. "मॅडम, तुमचा हा एक एसी महिनाभर अख्खा हॉल थंड करत होता." हॉलमधून कोणीतरी म्हणालं, "खंय थंड? दारासमोरच्या दोन टेबलांकच लागता!"

मग मार्गदर्शन? मी ओंकारकडे पाहिलं. तो फाइलमध्ये पाहत होता. फाइल उलटी होती.

६ जून

ढाल कुडाळला. पत्र्याचीच होती म्हणे.

दाजींना फोन केला. दाजी म्हणाले, "नाही."

३० जून

निरोप समारंभ. हॉलचा एसी चालू. महादूने नारळ धरला. "देवा म्हाराजा, आज आमची बाय घराक चल्ली आसा. तिका सुखी ठेव, रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "तिणा आमका महिनोभर घामान न्हावंक घातला, ता सगळा पोटात घाल, रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "आनी ह्यो एसी परत कधी बंद होव नये, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. सगळे वळून बघायला लागले तेव्हा लक्षात आलं. रुकू इतकी हसली की शेवटी पदराने डोळे पुसायला लागली. मग टेबलावरचा विंझणा उचलून मी तिला वारा घातला. बराच वेळ. हात दुखला. पूर्वीही माझाच दुखायचा, बहुतेक.

आता वाटप लिहून ठेवते, उद्या गोंधळ नको. उरलेली पत्रकं दाजींना, ते पुन्हा उभे राहणारच. खताचा ड्रम महादूच्या माडांना. मांजरी आणि पिल्लं ओंकारला, मार्गदर्शनाच्या वेळी ती त्याच्याच मांडीवर झोपायची. एक विंझणा मी पुण्याला नेणार, अनिशला दाखवायला. आठवडाभरासाठीच. बाकीचे विंझणे लाइट गेल्यावर सगळ्यांना.

केबिन रुकूला. ती डिसेंबरात रिटायर होईल, तोवर तिची. दार मात्र सताड उघडं ठेवावं आणि समोरची खुर्ची कोणाला देऊ नये. मी मार्गदर्शन घ्यायला येईन.