टपावरचा एसी आणि ह्यांचा तळहात

४ मे

आज परत एसी उघडला! आठवड्यात तिसऱ्यांदा! भर उन्हात हे आमच्या राहत्या गाडीच्या टपावर चढले, झाकण काढलं, जाळ्या धुतल्या, खाली आले. हवेच्या तोंडाशी तळहात धरला — "मेला हा. गार येतच नाही."

माझ्याही घामाच्या धारा. खरंच वाटलं. एकेचाळीस वर्षं एसी दुरुस्त केले माणसाने, थर्मामीटरला कधी हात लावला नाही. "माझा तळहात बास!" लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

पण लेकीचे दिवस भरत आलेत. एसी सुधारल्याशिवाय घाटात गाडी घालायची नाही म्हणतात. मला तर सायकलसुद्धा येत नाही! म्हणजे आम्ही इथेच, आणि ती तिकडे एकटी.

५ मे

आता म्हणे नवा घेऊ, दुप्पट ताकदीचा! आमची गाडी उभी आहे त्या तळावरच्या वायरमनला गुपचूप गाठलं. तो म्हणाला, "काकू, ताकद म्हणजे तासाला किती उष्णता बाहेर फेकतो ते. एवढ्याशा गाडीला हा पुष्कळ झाला. आधी आत शिरणारी हवा मोजा, मग बाहेर येणारी. दहा-अकरा अंशांचा फरक आला तर एसी ठणठणीत. बाकी दोष तुमच्या काचांचा, ऊन आत घेतात." दोन थर्मामीटर दिले. भला माणूस.

६ मे

हे आंघोळीला गेले तेवढ्यात मोजलं. आत शिरणारी हवा तीस. बाहेर येणारी एकोणीस. अकरा!! अहो, एसी ठणठणीत आहे!

काचांना चकचकीत पुठ्ठे लावले. दुपारी गाडीत सव्वीस! ह्यांना सांगितलं तर केवढा तमाशा — "त्या काड्यांवर विश्वास, माझ्या हातावर नाही?"

तळहात धरला. मी शेजारी माझा धरला. माझी बोटं गारठली. "लागतंय?" "छे! काही नाही." थट्टा करताहेत असं वाटून मी खो खो हसले. मग तोंडाकडे पाहिलं. हे हसत नव्हते.

७ मे

सकाळी गॅसवरचं उकळतं पातेलं ह्यांनी नुसत्या हाताने उचललं. सावकाश! कपात चहा गाळला! मी किंचाळले तर म्हणे, "काय झालं?" तळहातावर हा एवढा फोड.

"डॉक्टरकडे चला." "कारागिराचा हात आहे, राठ झालाय." मी रडले, भांडले, जेवले नाही. शेवटी म्हणाले, "बरं बाई, एसी चांगला आहे, तू जिंकलीस. उद्या निघू. डॉक्टर लेकीकडे गेल्यावर."

जिंकले. चार दिवस हेच तर हवं होतं! मग सामान बांधायला का उठवत नाही?

८ मे

उजाडताच सामान आवरलं. लेकीला फोन केला — निघालो! हे सीटवर बसले, इंजिन सुरू केलं. मग हळूच मला म्हणाले, "जरा खाली वाकून बघ गं — माझा पाय ब्रेकवरच आहे ना?"