पाण्यापासून सहा फूट

रविवार, १२ एप्रिल. अमरावती.

बाबांचा काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती दिवाळीपर्यंत टिकेल असं धरून चाला. घरी आल्यावर बाबा टीव्हीला नाक लावून बसले आणि म्हणाले, "खिरगव्हाणचा ओटा उघडा पडला म्हणते. मले एकडाव जाईचं नाव पाहू दे."

खुलासा, पुढे मीच विसरल्याचं सोंग करू नये म्हणून: खिरगव्हाण हे आमचं जुनं गाव. तिवस्याच्या पलीकडे, अडतीस वर्षांपासून धरणाच्या पाण्याखाली. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर विहाराचा ओटा वर येतो. ओट्याच्या उभ्या शिळेवर तो बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. गवंड्याच्या यादीत बायकांची नावं नव्हती. म्हणून आईचं, जाईबाईचं नाव बाबांनी स्वतः छिन्नीने कोरलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी ते नाव लहानपणी पाहिलं असणार. आठवत नाही.

योजना: ड्रोनने शिळेचा जवळून व्हिडिओ, त्रेचाळीस इंची टीव्हीवर. मुदत: १ मे, बुद्धपौर्णिमा.

ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, त्यापेक्षा बाबांनाच नेऊन आणा ना." बायको म्हणून तिचं मत ऐकून घेतलं. पण पंचेचाळीस डिग्री ऊन, गुडघाभर गाळ, वय चौऱ्याऐंशी. जबाबदारी माझी आहे.

प्रश्न: हे मी बाबांसाठी करतोय की मला ड्रोन उडवायचा आहे? प्रामाणिक उत्तर: बाबांसाठी. (नव्वद टक्के.)

बुधवार, १५ एप्रिल. अकोला.

प्रीतमकडून ड्रोन आणला. माझा चुलतभाऊ, लग्नांचं शूटिंग करतो. कालपर्यंत ड्रोन जयंतीच्या मिरवणुकीत होता. पंख्यांना अजून निळा गुलाल आहे. २ मेला परत हवा, ३ तारखेला लग्नाची ऑर्डर.

प्रीतमच्या सूचना: "दादा, पाण्यावर दहा फुटाच्या खाली नेऊ नको. नेशीनच तर खालचे सेन्सर बंद कर. पाणी हलते, चमकते. त्याले जमीन कुठं हाय समजत नाही, मंग ते खालीवर नाचते." वर हेही म्हणाला, "तू फिजिक्सचा मास्तर हायेस, पण पाण्याले फिजिक्स शिकवू नको."

सूचना नोंदवल्या. मात्र सेन्सर बंद करणे म्हणजे सुरक्षायंत्रणा बंद करणे. बावीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना चष्मा घाला म्हणून सांगणाऱ्याने हे करावं का? विचार करतो.

रविवार, १९ एप्रिल.

सराव करायचा ठरवलं होतं. बडनेऱ्याचं मैदान चांगलं, पण त्या बाजूला विमानतळ, म्हणून नाही. कॉलेजचं मैदान संस्थेचं, म्हणून नाही. त्याऐवजी माहितीपुस्तिका वाचली. अडुसष्ट पानं. सराव झाल्यासारखंच वाटलं.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाच.

सोमवार, २० एप्रिल.

सात.

गुरुवार, २३ एप्रिल.

धरणावर. परवानगीचा अर्ज दोन प्रतींत नेला होता. चौकीदाराने तो उलटा धरून वाचला आणि म्हणाला, "सर, तिकडं म्हशी पोहून राह्यल्या. त्याहीनं कोणाले अर्ज देला?" सही मात्र केली. एक प्रत फाईलला.

ओटा दिसतो! काठापासून दूर, पाण्यात वीतभर वर. चाळीस फुटांवरून चार मिनिटं चित्रण.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. पडद्याला नाक टेकवून बराच वेळ पाहिलं. "हे म्हैस होय का?"

मी म्हणालो, ओटा आहे.

"मंग असू दे," म्हणाले.

शुक्रवार, २४ एप्रिल.

विश्लेषण. दोष पाण्याच्या चकाकीचा. कॅमेऱ्याला लावायची काळी काच मागवली. दुसरा दोष: शिळेची अक्षरांची बाजू काठाकडे नाही, आत पाण्याकडे आहे. म्हणजे पलीकडून, समोरून, सहा फुटांवरून घ्यावं लागणार. काठावरून तेवढं खाली नेलं तर मलाच दिसणार नाही.

बाबांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, २६ एप्रिल.

देवीदासला भेटलो. धरणात मासे धरतो, त्याचा डोंगा आहे. डोंग्यातून ड्रोन उडवायचा, असं ठरलं. तो म्हणाला, "कायले येवढा खटाटोप? बुढ्याले आणा. डोंग्यात बसवून नेतो, नावाले बोट लावून आणतो."

मी विचारलं, लाइफ जॅकेट आहे का? तो हसला. लाइफ जॅकेट नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

नंतर वाऱ्यामुळे उड्डाण केलं नाही. वारा होता. झाडाची पानं हलत होती. काही.

मंगळवार, २८ एप्रिल.

बाबा जेवताना ज्योत्स्नाला सांगत होते की आता त्यांना ताटातली भाजी दिसते, पण शेजारची वाटी नाही. "मान फिरवली की येते. जाते कुठं?"

उद्या काहीही झालं तरी.

बुधवार, २९ एप्रिल. सकाळ ६.४०.

डोंग्यातून उड्डाण यशस्वी. हे लिहिणं आवश्यक आहे. उड्डाण यशस्वी.

पुढचं दुपारी लिहितो.

दुपार.

क्रमाने. सेन्सर बंद केले नाहीत. नीतीचा प्रश्न होता. दहा फुटांवर ड्रोन ठीक होता. आठवर नाचू लागला. मी वर घेतला की खाली येई, खाली घेतला की उसळून वर. देवीदास म्हणाला, "पिऊन हाय का ते?" एकदा शिळा अगदी समोर आली, पण पडद्यावर सगळं पांढरं. पुन्हा. पुन्हा. अशी चौदा मिनिटं.

मध्येच देवीदास म्हणाला, "सर, पाहा ना, डोंगा वाहून वाहून ओट्यापाशी आला. हात पुरते. उतरा, मी धरतो." मी म्हणालो, नको, लक्ष विचलित होतं. पाण्यात उतरणं हा योजनेचा भाग नव्हता.

मग बॅटरी संपत आली. ड्रोन आपोआप वर गेला आणि शहाण्यासारखा परत निघाला. मी देवीदासला म्हणालोसुद्धा, बघ, याला म्हणतात सुरक्षायंत्रणा.

"पण सर, ते तिकडं काऊन उतरून राह्यलं?"

तो जिथून उडाला होता, तिथेच उतरत होता. अगदी अचूक. डोंगा तिथे नव्हता. डोंगा सत्तर फूट वाहून माझ्याखाली होता. देवीदासने वल्ही मारली. मी बटणं मारली. ड्रोन सावकाश, पायरीवर पाय ठेवावा तसा, पाण्यात उतरला.

देवीदासने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्यात सापडला. उलटा केला तर त्यातून बराच वेळ पाणी येत होतं. कार्डावर काही नाही.

गुरुवार, ३० एप्रिल.

बाबांना सांगितलं. सगळं, क्रमाने. रागावतील वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जिथून उडालं, तिथंच आलं?"

हो म्हणालो.

"मंग त्याची चूक नाही. ते आपल्या जागेवर आलं. जागाच राह्यली नाही, ते काय करीन?"



उद्या अकोल्याला जाऊन प्रीतमला समक्ष सांगणार. फोनवर सांगणं बरोबर नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "उद्या पौर्णिमा आहे. बाबांचं काय?" मी म्हणालो, कर्तव्य आधी. पहाटे पावणेसहाची गाडी.

आश्चर्य: पाचला जाग येणार याची खात्री आहे.

शुक्रवार, १ मे. अकोला, सकाळ ११.

आली.

प्रीतम ओरडला नाही. ओरडायला हवा होता. विचारलं, "सेन्सर बंद केल्ते?" मी म्हणालो, त्यावर बराच विचार केला होता. तो दुसऱ्याचा ड्रोन मागायला फोन लावत बाहेर गेला. त्याच्या बायकोने खीर दिली.

१०.२० ला ज्योत्स्नाचे फोटो आले. डोंग्यात बाबा. पांढरा सदरा, डोक्यावर छत्री, कमरेभोवती ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब. दुसऱ्यात ओट्यावर बसलेत, पाय पाण्यात, हात मागे वळवून शिळेवर. खाली तिने लिहिलं होतं: "सहाला निघालो, नऊला घरी. ऊन नव्हतं. गाळ देवीदासने पाठीवरून पार करवला."

ट्यूब. ट्यूब सुचायला फिजिक्स लागत नाही.

संध्याकाळ, घरी.

बाबा वेगळेच दिसले. दोनदा जेवले. "लागलं रे बोटाले," म्हणाले. "नजर कायले पाह्यजे? मीच कोरलं व्हतं. जा-ई-बा-ई. शेवटच्या ई ले छिन्नी घसरली व्हती, ते घसरण बी तशीच हाय." आणि हवेत बोटाने काढून दाखवलं.

नंतर ज्योत्स्नाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. नळ सोडला, मग बोलली. शिळा गुळगुळीत आहे. तिने पदराने शेवाळ पुसलं, सगळीकडे हात फिरवला. एकही नाव नाही. ना आईचं, ना कोणाचं. पाण्याने सगळं खाऊन टाकलं. बाबांचं बोट सपाट दगडावर फिरत होतं आणि ते वाचत होते.

म्हणजे माझी योजना यशस्वी झाली असती, तर आज त्रेचाळीस इंची पडद्यावर कोरा दगड दिसला असता. बाबांचं नाक त्याला टेकलेलं असतं.

म्हणजे ड्रोन बुडाला ते बरं झालं. म्हणजे सेन्सर बंद न करण्याचा माझा निर्णय

हे वाक्य पूर्ण करणार नाही.

शनिवार, २ मे.

चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, "तुह्या मशीनीत दिसलं असतं का रे तिचं नाव?"

ज्योत्स्ना चहा गाळता गाळता थांबली.

मी म्हणालो, "स्पष्ट, बाबा. ठसठशीत दिसलं असतं."

"मंग असू दे," म्हणाले, आणि मान फिरवून बशी शोधू लागले.

प्रश्न: हे मी बाबांसाठी म्हणालो की स्वतःसाठी? प्रामाणिक उत्तर:

अर्धा तास झाला. चहा गार.