आपत्ती असल्यास कळवा

३ फेब्रुवारी २०२५
ग्वाल्हेर आवडलं. दाना ओली या जुन्या मोहल्ल्यात खोली मिळाली. घरमालकीण लीलाताई "बिनधास्त राहा हं, घरच समजा, चिंता नको" म्हणत गरम कचोरी ठेवून गेल्या. औषध-संशोधन संस्थेत माहिती अधिकारी म्हणून रुजू झाले. संचालक गुरुप्रसाद म्हणाले, इथे माहिती मागायला कुणी फिरकत नाही.

६ फेब्रुवारी
पहिलाच अर्ज. मधुवंती नावाच्या शिक्षिकेला एका जुन्या औषध-चाचणीची कागदपत्रं हवीत. तिची आई विजयाबाई त्या चाचणीतल्या बायकांपैकी एक, इंजेक्शननंतर लगेच गेली. का गेली, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. गुरुप्रसाद म्हणाले, गोपनीय म्हणून नाकारा. पण गोपनीयता कुणाची? त्या बायकांची की संस्थेची? मी कायदा पाहिला: आधी त्यांना विचारायला हवं. बहुतेक मराठी घरांतल्या, पत्ते जुने. कागदपत्रं द्यायला कुणाची ना आहे का, अशी मराठीत सूचना लिहून फाटकावर लावली.

१० फेब्रुवारी
गुरुप्रसाद पोट धरून हसले. "सीमंतिनीबाई, 'आपत्ती असल्यास कळवा'? अहो, ती हिंदीतली आपत्ति! मराठीत हरकत म्हणा. तुम्ही तर संकटांनाच बुलावा धाडलात!" खरंय. इंदूरला इतकी वर्षं हिंदीत कारभार केला. हिंदी मसुद्यातला शब्द तसाच उतरला. उद्या बदलते.

११ फेब्रुवारी
बदलण्याआधीच एक बाई आल्या. भर दुपारी. आपत्ती सांगायला आले, म्हणाल्या. इंजेक्शननंतर आधी जीभ बधिर झाली, मग बोटं, मग श्वास. नाव विचारलं. विजयाबाई. मान वर केली तर बाक रिकामा.
नंतर चहाने जीभ भाजली, ते मला कळलंच नाही.

१२ फेब्रुवारी
बाक भरलाय. शिपायाला दिसत नाही. बायका बोलत नाहीत— माझ्याच अंगात कळवतात. आज बोटं.

१३ फेब्रुवारी
गुरुप्रसादांना सांगितलं. हसले नाहीत. अर्ज नाकारा, त्या जातात, म्हणाले. जातात! म्हणजे याआधीही—
भ्याले आहे. नाकारलं तर बोटं परत येतील. पण हरकत एकीनेही घेतलेली नाही. इतरांची नावं झाकू का, विचारलं. साऱ्या माना नकारार्थी हलल्या.

१४ फेब्रुवारी
आदेशावर सही केली. शुद्धीत, स्वखुशीने. मधुवंती समोर बसून वाचतेय. गुरुप्रसाद दार ठोठावताहेत. कडी घातलीय. बायका उठल्या— माझ्याभोवती— श्वास अर्धाच—
नाही काढणार कडी.
मोठ्याने वाच, मधुवंती— सगळ्यांची नावं— थांबू न—