नाही म्हणणारी मुलगी

मंगळवार, संध्याकाळ

कारखान्यात आज पहिल्यांदाच मला, एका लाइन सुपरवायझरला, साहेबांबरोबर मुलाखती घ्यायला बसवलं. सगळे उमेदवार नुसते 'हो सर' म्हणत होते. इगतपुरीच्या एका मुलीने मात्र विचारलं, "मॅडम, मशीनचं सेफ्टी गार्ड काढून काम कर म्हणाले, तर नाही म्हणता येईल ना?"

ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "डोक्याला ताप होईल. नको."

कशी कोण जाणे, मी बोलून गेले, "सर, मला हवी आहे ती."

"मग घ्या तुमच्याच लाइनवर!"

घेतली. पण महिनाअखेरीला माल अडला की 'गार्ड काढा, काम भरभर होईल' असं मीच ओरडते. सवयच झालीय. सोमवारी ती येईल. कधीतरी मलाच नाही म्हणेल. तेव्हा माझ्या तोंडून काय निघेल?