वीस चिठ्ठ्या आणि राजाबाईंची खिचडी

कुळगाव, बदलापूर (पूर्व)
८ जुलै २०२५

ती. चिंतामणीमामांस,
वृंदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही स्वतः बनवता, असं मामी म्हणते. म्हणून हे पत्र. घरी सगळे बरे आहेत.

यंदा मला चौथी दिली आहे. माहिती कशी गोळा करावी हे मुलांना शिकवा, असा हेडमास्तरांचा आदेश आला. फळ्यावर ‘समष्टी’ आणि ‘नमुना’ असे दोन शब्द लिहिले. वर्गात सृष्टी नावाची मुलगी आहे. समष्टी तिची बहीण का, असं तिघांनी विचारलं. नमुना मात्र सगळ्यांना माहीत होता. घरी पप्पा मलाच नमुना म्हणतात, असं सुयोगने उभं राहून सांगितलं.

मग घरून डबाभर शेंगदाणे आणि फुटाणे मिसळून नेले. डबा ही समष्टी, मूठ हा नमुना. मुठीत काय जास्त आहे ते मोजायचं आणि डब्यात काय जास्त असेल त्याचा अंदाज सांगायचा. पहिल्या गटाने नमुना खाल्ला. दुसऱ्या गटाने समष्टी खाल्ली. तुम्ही कारखान्यात जन्मभर माल तपासलात, तर खाता न येणारं काहीतरी सुचवा.

आता काळजीची गोष्ट. आमच्या शाळेत दुपारचा पोषण आहार राजाबाई शिजवतात. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या पाड्यातून येतात. त्यांची नात अक्षदा माझ्याच वर्गात आहे आणि तिचं सगळं त्याच बघतात. परवा शाळा समितीची माणसं आली, माझ्याच वर्गातल्या पहिल्या बाकांवरच्या पाच मुलांना खिचडी आवडते का म्हणून विचारलं, पाचही जणांनी नाही म्हटलं. झालं. राजाबाईंना काढून कंत्राटदाराचे तयार डबे घ्यायचे, असं चाललं आहे. पक्कं पुढच्या महिन्याच्या सभेत होईल.

समितीची माणसं गेल्यावर सृष्टीने मला विचारलं, की मी तर रोज घरचा डबा खाते, मग खिचडीचं मला का विचारलं? चौकशी केली, तर ते पाचही जण घरून डबा आणणारे निघाले. खिचडी त्यांनी कधी तोंडात घातलेली नाही.

मामीला नमस्कार. माझ्यावर माया आहे तेवढी असू द्या, सल्ला थोडा जास्त द्या.

आपली भाची,
वृंदा

—

अंबरनाथ
१४ जुलै २०२५

चि. सौ. वृंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सृष्टीला माझे वेगळे आशीर्वाद सांग. आमच्या साहेबांना जे कळायला चार वर्षं लागली ते तिला दुपारच्या सुट्टीत कळलं.

आधी समष्टी ठरव. जी मुलं शाळेत जेवतात तीच. त्या सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिही, एका भांड्यात घाल, चांगली हलव आणि न बघता काढ. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात खरं, पण वरचं शीत मऊ असतं आणि तळाचं करपलेलं. हात तळापर्यंत गेला पाहिजे. एकदा चिठ्ठ्या निघाल्या की निकाल तुझा राहत नाही, हे आधीच मनाशी धर.

कंत्राटदाराने समितीला डबे चाखायला दिले असणारच. विकणाऱ्याने आपल्या हाताने पुढे केलेला नमुना मी नोकरीत कधी पास केला नाही.

कानाच्या यंत्राचा विषय पुन्हा काढू नकोस. आमच्या शेजारच्या श्यामकांतला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

तब्येतीला जप. आमची आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा मामा,
चिंतामणी

ता. क. श्यामकांतभाऊजी यंत्र खिशात ठेवतात. – मालिनीमामी

—

कुळगाव, बदलापूर (पूर्व)
२९ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं, आणि फसले.

शाळेत जेवणारी मुलं एकशे ऐंशी. सगळ्यांच्या चिठ्ठ्या करून बादलीत घातल्या. सुयोगने हात घालून इतका वेळ ढवळलं की शेवटी त्याला थांबवावं लागलं. वीस काढल्या. सातवी चिठ्ठी अक्षदाची निघाली. मी म्हटलं, ती राजाबाईंच्या घरातली आहे, तिची परत टाकू. मुलांनी ऐकलं नाही. ती खिचडी खाते ना, मग ती समष्टीतच आहे, असं त्यांचं म्हणणं. एकेकाला व्हरांड्यात बोलावून मुलांनीच विचारलं. नावं कोणाला सांगायची नाहीत असं ठरलं होतं, पण अक्षदाने वर्गात येऊन आपणच जाहीर केलं, की मला आवडत नाही आणि घरी आजीला हे मी रोज सांगते.

आठ जणांना आवडते, बारा जणांना नाही.

मामा, माझा घोळ बघा. ज्या बाईसाठी हा खटाटोप मांडला तिच्याच विरुद्ध पुरावा तयार करून बसले. मी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि म्हटलं, बादली नीट हलली नव्हती बहुतेक, पुन्हा काढू. सुयोगने शांतपणे विचारलं, की बाई, तुम्हाला पाहिजे ते येईपर्यंत काढायच्या का? मी वळून फळा पुसत बसले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग मुलांनीच ठरवलं, की ज्यांना आवडत नाही त्यांना का ते विचारायचं. बारापैकी दहा जण तिसरी-चौथीचे निघाले, आणि त्यांचं म्हणणं एकच. खिचडी गार असते आणि तळाची लागलेली असते. पहिली-दुसरी आधी जेवते, तिला गरम मिळते. एक शेगडी वर्षभर बंद आहे. राजाबाई एकाच शेगडीवर सगळं लवकर शिजवून ठेवतात. शेगडीचं त्यांनी हजारदा सांगितलं, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी मान हलवली. त्या मान हलवणाऱ्यांत मीही आहे.

राजाबाईंना निकाल कळला आहे. इतकी वर्षं पोरांना जेवू घातलं आणि आता मतदान घेता का, एवढंच म्हणाल्या. माझ्याशी बोलत नाहीत. सभा आठ तारखेला आहे. आठ-बारा हा आकडा नेऊ की नको?

आपल्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा जास्त गरज असलेली,
वृंदा

—

अंबरनाथ
२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

आकडा आहे तसा ने. कारणही ने. आकडा आधी सांग.

पत्र लहान आहे म्हणून लोभ कमी समजू नकोस. टपाल निघायची वेळ झाली आहे.

तुझा मामा,
चिंतामणी

—

कुळगाव, बदलापूर (पूर्व)
२१ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा करा. गणपती, मग घटक चाचणीचे पेपर, आणि मधे जे घडलं ते सगळं सांगायचं आहे.

सभेत मी आकडा आधी सांगितला. समितीचे अध्यक्ष भूपेशशेठ, त्यांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान आहे. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, मॅडम, ये तो आपके अगेन्स्टच गया ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि बाकीचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दुकानात माल विकायला येणारा प्रत्येक माणूस आपल्या मालाची तारीफच करतो, असा कागद घेऊन कोणी येत नाही. विकणाऱ्याने पुढे केलेल्या नमुन्याचं तुमचं वाक्यही मी सांगितलं, माझं म्हणून. माफ करा.

दुसऱ्या दिवशी शेठ न कळवता आले आणि चौथीच्या रांगेत शेवटी बसून जेवले. खिचडी गार होती, तळाची होती, त्यांनी पूर्ण संपवली. तिथून ते थेट कंत्राटदाराचे डबे जातात अशा एका शाळेत गेले, आणि गाडीतून मधलाच एक डबा उचलून उघडला. त्यात काय होतं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या दुकानातला माणूस नवी शेगडी घेऊन आला.

राजाबाई राहिल्या. आभार वगैरे काही मानले नाहीत. अक्षदाशी दोन दिवस बोलत नव्हत्या, तिसऱ्या दिवशी तिची वेणी घालताना बोलल्या म्हणे.

परवा मुलांनी पुन्हा सर्वांच्या चिठ्ठ्या केल्या. या वेळी राजाबाई पदराला हात पुसत वर्गात आल्या आणि चिठ्ठ्या आपणच काढणार म्हणाल्या. डोळे घट्ट मिटून एकेक काढली. मुलं व्हरांड्यात विचारत होती, तोवर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पंधरा जणांना आवडली, पाच जणांना नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. राजाबाईंनी विचारलं, ते पाच कोण? नावं सांगायची नसतात, असं मुलांनी एका सुरात सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, मग सगळ्यांनाच विचारते.

आणि काल विचारलं. डाव हातात धरून, प्रत्येक ताटापाशी थांबून, मीठ बरोबर आहे का, तिखट लागतं का, अजून काय पाहिजे. एकशे ऐंशी पोरं. प्रत्येकाने सविस्तर उत्तर दिलं, कारण आजवर त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. चौथीच्या ताटापर्यंत त्या पोचल्या तेव्हा शाळा सुटल्याची घंटा झाली होती आणि नव्या शेगडीवरची खिचडी पुन्हा गार झाली होती.

सुयोग रांगेतून म्हणाला, बाई, आता कळलं वीसच का काढायच्या.

मामीला नमस्कार. दिवाळीला आम्ही येतोच, तोवर तुमचा लोभ पत्रातून पोचता राहू द्या.

आपली भाची,
वृंदा