उत्तर आपण सांगायचं नाही

१४ जून, दुपार

ती. दादास,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आई जेवून झोपली आहे. खिडकीची कडी एकदाची दुरुस्त करून घेतली. वहिनीचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, मग मी चिडते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून हा कागद.

आईची आठवणीची गोळी बंद झाली, ती माझ्या मनाने नाही. वॉर्डात पेशंटना देते तशीच घरीही ही गोळी मी नाडी बघूनच द्यायचे, कारण या गोळीने हृदयाचे ठोके मंदावू शकतात. मंगळवारी नाडी फारच हळू लागली. थांबून पुन्हा बघितली, तरी तेच. सकाळी उठताना आईला भोवळही आली होती. गोळी हातात तशीच ठेवून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बोलावून घेतलं, हृदयाचा आलेख काढला आणि ही गोळी आता नको म्हणाले.

तू म्हणालास, "गोळी सुरू ठेव. तिच्यामुळेच आई मला ओळखते." आता सांगते, रागावू नकोस.

वॉर्डात नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते. औषध देण्याआधी "आजी, तुमचं नाव काय?" असं विचारायचं. "तुम्ही अमुक आजी ना?" असं कधीच नाही. विसर पडलेली माणसं भिडस्त असतात, कुणाच्याही नावाला मान डोलावतात, आणि एकीची गोळी दुसरीच्या पोटात जाते. नाव सांगता आलं नाही तर मनगटावरची पट्टी बघा, फोटो बघा, पण उत्तर आपण सांगायचं नाही.

आणि तू दर रविवारी फोनवर विचारतोस, "आई, मी तुझा थोरला. ओळखलंस ना?" ती हो म्हणते. दादा, गॅसवाल्यालाही ती हो म्हणते. पण तुझा आवाज असा काही खुलतो की खरं सांगायची माझी छातीच झाली नाही.

मला तरी कुठे धीर होता? दुसऱ्यांना शहाणपण शिकवते आणि घरी येताना दारातूनच ओरडते, "आई, मी आले गं, तुझी धाकटी!" काल मात्र काही न बोलता तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "मी कोण?"

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात धरून म्हणाली, "अहो, तुम्ही किती करता माझं. तुमच्या घरी कोण असतं?"

"आई असते," मी म्हटलं.

"मग जा आता. वाट बघत असेल."

भांडी घासताना पोटभर रडून घेतलं. या घरात मला नावाने हाक मारणारं आता कुणी नाही, दादा. फार एकटं वाटतं.

या रविवारी फोन नको, तूच ये. आल्यावर नाव सांगू नकोस, काही विचारू नकोस. नुसता तिच्याजवळ बस. हात ती तुझाही धरेल.

तुला तरी ओळखू येणारी,
तुझी धाकटी